लिटरमागे पाच रुपये मिळवताना

आमच्या घरचं, गाईच्या दुधाला लिटरमागे मिळणारं सरकारी अनुदान एकदाचं पूर्ण जमा झालं. शेवटचा हप्ता नोव्हेंबर २०२४ च्या दुधाचा होता, तो ९ एप्रिल २०२५ ला आला, ८,८९० रुपये. सुरुवात केली होती जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे सव्वा वर्ष गेलं. मधल्या काळात गावातल्या आणि माहेरच्या कितीतरी जणींनी फोन करून विचारलं की वहिनी तुम्ही काय केलं, आमचं अडकलंय, आणि दरवेळी मी तेच तेच सांगत राहिले, म्हणून आता सगळं एका जागी लिहून ठेवते. सरकार पुन्हा असं काही जाहीर करेल तेव्हा निदान कागद तरी तयार असावेत.

आधी आमचं सांगते. अकोले तालुक्यात आमचा लहान गोठा, सहा गाया, सगळ्या एचएफ (होल्स्टीन जातीच्या), त्यातल्या चार दुधात असतात. धार आई (सासूबाई) आणि मी काढतो, हे वैरण-पाणी आणि ट्रॅक्टरचं बघतात. रोजचं दूध ४०-४५ लिटर, दोन्ही वेळचं मिळून. घरापासून अर्ध्या किलोमीटरवर एका खाजगी डेअरीचं संकलन केंद्र आहे, तिथे घालतो. बिल दर दहा दिवसांनी.

दराचं म्हणाल तर २०२३ च्या मार्चमध्ये आम्ही ३७ रुपये घेतले होते. त्याच जोरावर यांनी मे महिन्यात घोडेगावच्या बाजारातून एक गाय आणली, ८२ हजाराला. पुढे दर घसरायला लागला, मग जुलै २०२३ मध्ये सरकारने गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) किमान ३४ रुपये द्यायचे असं ठरवलं, पण ते काही महिन्यांतच हवेत गेलं, दिवाळी झाली आणि आमच्या पावतीवर २६ रुपये दिसायला लागले. गोळी पेंडीचं पोतं मात्र होतं तिथेच, सरकी पेंड तर चढलेली. आई रोज पावती माझ्याकडून वाचून घ्यायच्या आणि काही न बोलता आत जायच्या. ते मला फार लागायचं.

जानेवारी २०२४ मध्ये बातमी आली की लिटरला ५ रुपये अनुदान मिळणार, सहकारी संघाला घालणाऱ्यांना आणि खाजगीला घालणाऱ्यांनाही. अट अशी की डेअरीने ३.२ फॅट, ८.३ एसएनएफला किमान २७ रुपये द्यायचे, पैसे रोख न देता बँकेतच द्यायचे, गाईच्या कानात बिल्ला हवा, त्याची भारत पशुधन ॲपवर नोंद हवी आणि शेतकऱ्याचं बँक खातं आधारला जोडलेलं हवं. ११ जानेवारी ते १० फेब्रुवारी असा पहिला काळ होता, पुढे तो १० मार्चपर्यंत वाढवला.

मला वाटलं सोपं आहे, आधार आहे, खातं आहे, गाया आहेत. १६ जानेवारीला सकाळी दूध घालायला गेले तेव्हाच कागदांची पिशवी बरोबर घेऊन गेले. केंद्रावरच्या भाऊंनी रजिस्टर उघडलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा कोड तर दादांच्या नावावर आहे."

कोड म्हणजे केंद्रावर दूध घालणाऱ्याचा नंबर, आणि दादा म्हणजे माझे सासरे, २०२१ मध्ये गेले. दूध त्यांच्याच कोडवर चालू होतं, बिल हे जाऊन रोख घेऊन यायचे. तीन वर्षांत कोणालाच त्याची अडचण आली नव्हती म्हणून कोणी लक्षही दिलं नाही. आता एका ओळीत चार गोष्टी जुळायला पाहिजेत, कोड कोणाच्या नावावर, गाय कोणाच्या नावावर, आधार कोणाचं आणि खातं कोणाचं, आणि आमच्याकडे कोड दादांचा, गाया यांच्या नावावर, बिल रोख, खातं माझं. चारही वेगळे.

तुमच्या घरी आजोबांचा, सासऱ्यांचा किंवा वेगळ्या राहणाऱ्या भावाचा कोड चालू असेल तर ते आधी बघा. आमच्या केंद्रावर ९० च्या आसपास उत्पादक आहेत आणि त्यातले पंधरा-सोळा तरी असे निघाले.

कोड बदलायला डेअरीने काय मागितलं तर अर्ज, दादांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र. संमतीपत्रावर आई, धाकटे भाऊजी आणि दोन्ही नणंदांच्या सह्या. थोरल्या ताई नाशिकला असतात, त्या संक्रांतीला येऊन गेलेल्या, परत यायला फेब्रुवारी उजाडला. शंभराचा स्टॅम्प, टायपिंग आणि नोटरी मिळून ३५० रुपये गेले. ताईंनी सही करताना एकच विचारलं, "दादांचं नाव आता कुठेच राहणार नाही का गं?" मला काय उत्तर द्यावं कळेना. तो कोड त्यांनी १९९८ मध्ये दोन गायांवर घेतला होता. मी केंद्रावर विनंती केली, नंबर तोच ठेवला, फक्त नाव बदलून यांचं लावलं. ११४ नंबर अजून तोच आहे.

दुसरीकडे बिल्ल्याचं काम चालू केलं. पिवळा बिल्ला, त्यावर १२ आकडी नंबर. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याला पैसे लागत नाहीत, आमच्याकडूनही एक रुपया घेतला नाही. सहापैकी तीन गायांना लसीकरणाच्या वेळी लावलेला होता, दोघींना नव्हताच, आणि घोडेगावहून आणलेल्या गाईच्या कानात बिल्ला होता पण तो ॲपवर आधीच्या मालकाच्या नावावर. हे आम्हाला तेव्हा कळलं. बाजारातून गाय आणताना आपण दात बघतो, सड बघतो, दोन वेळची धार काढून बघतो, तसा आता बिल्लाही बघा आणि विकणाऱ्याचा मोबाईल नंबर लिहून घ्या, कारण नाव बदलताना त्याचा उपयोग होतो. आमच्याकडे बाजार समितीची पावती होती म्हणून निभावलं.

पशुधन पर्यवेक्षक २ फेब्रुवारीला गोठ्यावर आले. त्या आठवड्यात त्यांच्याकडे सगळ्या गावांची रांग, सकाळी सातला निघालेला माणूस आमच्याकडे दुपारी अडीचला आला, जेवलेलाही नव्हता. गंगीला धरायला हे आणि भाऊजी दोघं, मी कान धरला. कानाच्या मधोमध, शिरा चुकवून, दोन जाड रेषांच्या मध्ये पक्कड बसवतात, कट्ट असा आवाज होतो आणि झालं. गंगीने मान इतक्या जोरात झटकली की माझ्या हातातली दावण सुटली. एक थेंब रक्त आलं. आईंनी लगेच हळद आणि खोबरेल लावलं, साहेब म्हणाले माश्या बसू देऊ नका, आठ दिवस बघत राहा. संध्याकाळी गंगीने दोन लिटर दूध कमी दिलं, दुसऱ्या दिवशी परत सुरळीत. हे सांगते कारण खूप जण बिल्ला लावला की दूध तुटतं म्हणून टाळतात. आमच्याकडे तरी तसं काही झालं नाही.

नोंद करताना साहेब मोबाईलवर माहिती भरत होते, जात, वय, कितवं वेत, दुधात की गाभण, आणि मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो. यांचा आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला होता! तिथेच काम थांबलं. मग अकोल्याला आधार केंद्रावर, ५० रुपये फी, नंबर बदलायला दिला, माझाच नंबर लावला कारण हे दिवसभर शेतात असतात आणि फोन उचलत नाहीत. तो अपडेट व्हायला ९ दिवस लागले.

राहिलं खातं. कोड आणि गाया यांच्या नावावर म्हणून खातंही यांचंच द्यायचं. ते आहे राष्ट्रीयीकृत बँकेत, पासबुकावर आधारही लिहिलेलं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण खात्याला आधार नंबर दिलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसे यायला आधार त्या खात्याशी जोडलेलं असणं वेगळं, त्याला सीडिंग म्हणतात, आणि ते एका वेळी एकाच बँकेशी असतं. आधारच्या वेबसाईटवर ओटीपी टाकून लॉगिन केलं की बँक सीडिंग स्टेटस म्हणून दिसतं, तिथे बघितलं तर भलत्याच बँकेचं नाव. कधीतरी सिमकार्ड घेताना अंगठा दिला होता, तेव्हा उघडलेलं खातं. बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरला, चार दिवसांनी स्टेटस बदललं. हे घरबसल्या दोन मिनिटांत बघता येतं, तेव्हा बाकी काहीही करायच्या आधी हे बघा.

हे सगळं जुळेपर्यंत मार्चचा पहिला आठवडा उजाडला. डेअरीने आमची माहिती पाठवली, पण कोड बदलायच्या आधीचं दूध दादांच्या नावावर, रोख दिलेलं, ते धरलंच नाही, आणि उरलेल्या पाच-सात दिवसांचं पुढे काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणजे पहिल्या टप्प्याचे ६० दिवस आमचे गेले. रोजचं ४६ लिटर धरलं तर २,७६० लिटर, १३,८०० रुपये. त्या रात्री मी हिशोबाची वही मिटून ठेवली आणि बराच वेळ गोठ्यातच बसले. शेजारच्या वस्तीवर जमा झाले, आपल्याला नाही, आणि चूक कोणाची म्हणावी तर घरातलीच, दुर्लक्षाची. यांनी एवढंच म्हटलं, "अगं, पुढच्या वेळेला मिळेल." मला खरं वाटलं नव्हतं.

एप्रिल-मे लोकसभेच्या आचारसंहितेत गेले. दर २५-२६ वरच. उन्हाळ्यात दही, ताक, आइस्क्रीमला मागणी असते, दूध आटतं, मग दर वाढायला पाहिजे ना? दरवर्षी तसंच ऐकत आलो. यावेळी का नाही, हे मला समजून घ्यायचं होतं. माझा मावसभाऊ एका दूध प्रकल्पात पावडर विभागात काम करतो, तो जूनमध्ये घरी आला तेव्हा त्याला पेंडीच्या पोत्यावर बसवून मी वही पुढे केली, म्हणलं मला कागदावर दाखव.

त्याने जे दाखवलं ते असं. आपल्या भागातलं गाईचं दूध सगळं काही पिशवीतून मुंबई-पुण्याला जात नाही. पिशवीत भरून उरतं त्याची पावडर आणि बटर होतं. पिशवीचा खप रोज साधारण तेवढाच असतो, दूध मात्र हिवाळ्यात वाढतं, गाया व्यायलेल्या, हिरवा चारा मुबलक, हा पुष्टकाळ. म्हणजे जास्तीचं सगळं पावडरच्या प्लांटकडे जातं आणि आपला दर ठरतो तो त्या जास्तीच्या दुधाच्या किमतीवर. १०० लिटर गाईच्या दुधातून, ३.५/८.५ चं धरून, साडेआठ-पावणेनऊ किलो पावडर निघते आणि सव्वाचार किलोच्या आसपास बटर. २०२४ मध्ये पावडर किलोला २१० च्या घरात आणि बटर ३५० च्या. ८.७ आणि ४.२ किलो धरून गुणाकार केला तर पावडरचे १,८२७ आणि बटरचे १,४७० रुपये, मिळून ३,३०० च्या आत, म्हणजे लिटरला ३३. त्यातून वाळवण्याचं इंधन, पॅकिंग, टँकर, कूलरचं थंड करणं, केंद्राचं कमिशन आणि प्लांटचा नफा वजा करा. मग आपल्या हातात २६ का येतात ते दिसतं. २०२३ च्या सुरुवातीला पावडर तीनशेच्या वर होती आणि बटर चारशेच्या वर, तेव्हा ३७ मिळाले ते त्यामुळे.

पावडर किलोला १० रुपयांनी पडली की दूध लिटरला ८५-९० पैशांनी पडतं, एवढा एक आकडा मी पाठ केला.

सायीचंही त्याने सांगितलं. टोन्ड दुधाच्या पिशवीत फॅट ३.० च असतं, आपण ३.५ चं देतो, मधली अर्धा टक्का क्रीम म्हणून बाजूला निघते आणि त्याचं बटर नाहीतर तूप होतं. दसरा-दिवाळीला तुपाला, उन्हाळ्यात आइस्क्रीमला क्रीम उचललं जातं. म्हणून कधी कधी पावडर पडलेली असते पण क्रीमला भाव असतो, आणि तेव्हा डेअरीला फॅटवाल्या दुधाची गरज जास्त असते. कोल्हापूर-सांगलीकडे म्हशीचं दूध जास्त, त्याला फॅट सहा-सातचं आणि पिशवीला पक्कं गिऱ्हाईक, म्हणून तिकडच्या म्हशीच्या दराला एवढे हेलकावे बसत नाहीत. आपल्या नगर जिल्ह्यात सगळा भार गाईच्या दुधावर, आणि पावडरचा बाजार हलला की सगळ्यात आधी आपल्याला कळतं. आणि त्याच जूनमध्ये केंद्राने १० हजार टन दूध पावडर सवलतीच्या शुल्कात आयात करायला परवानगी दिली, इकडे प्लांटच्या गोदामात पावडर पडून असताना. वही मिटताना भाऊ म्हणाला, "ताई, तुझ्या गोठ्याचा दर तुझ्या गोठ्यात ठरत नाही." ते ऐकून मला राग आला, पण मन जरा हलकंही झालं, कारण इतके महिने मला वाटत होतं की आमच्याच दुधात काहीतरी कमी आहे.

जुलैच्या सुरुवातीला आमच्याच तालुक्यात कोतूळला शेतकरी धरण्याला बसले, दुधाला ४० रुपये भाव द्या म्हणून. हेही दोन दिवस जाऊन आले. त्याच सुमारास सरकारने दुसरा टप्पा जाहीर केला, १ जुलैपासून डेअरीने ३.५/८.५ ला ३० रुपये द्यायचे आणि सरकारचे ५, असे ३५. पावडर निर्यातीला किलोमागे ३० रुपये अनुदानही तेव्हाच जाहीर झालं.

या वेळी आमचे कागद तयार होते. २ जुलैला केंद्रावर गेले आणि स्वतः समोर उभं राहून नोंद तपासली. केंद्रवाले दर दहा दिवसांची माहिती एक्सेलमध्ये भरून डेअरीला पाठवतात, डेअरी पुढे पाठवते. त्यात प्रत्येकाचं नाव, आधार, खातं, आयएफएससी, गाईंचे बिल्ले आणि लिटर. नव्वदच्या आसपास माणसं, प्रत्येकाचे चार-सहा बिल्ले, प्रत्येक बिल्ला १२ आकडी, आणि भरणारा एकच मुलगा, तोही दूध मोजून झाल्यावर रात्री बसून. चूक होणारच. मी मोबाईलमध्ये प्रत्येक बिल्ल्याचा फोटो काढून ठेवला होता, गाईच्या तोंडासकट, म्हणजे कोणाचा कोणता ते कळतं. १९ ऑगस्टला त्याने मला यादी दाखवली तर गंगीच्या नंबरात ६ च्या जागी ८. तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं. ते राहिलं असतं तर कागदावर तीनच दुभत्या गाया दिसल्या असत्या आणि दूध चौघींचं, अशा वेळी माहिती परत येते. त्या मुलाला मी दोन संध्याकाळ नंबर वाचून दाखवायला बसले, मग बाकीच्यांचेही सात-आठ चुकलेले निघाले.

आता पावतीबद्दल, कारण इथे मला खरं दुखणं सापडलं. आमची पावती २४ जुलैची, सकाळची, फॅट ३.६, एसएनएफ ८.३, दर २८.३०. जाहीर दर तर ३०! मग मी शासन निर्णयाची प्रत मोबाईलवर मिळवली. त्यात आहे की ३.५/८.५ च्या खाली-वर पॉइंटमागे (०.१ म्हणजे एक पॉइंट) ३० पैसे कमी-जास्त करायचे. त्या हिशोबाने फॅट एक पॉइंट जास्त म्हणून ३० पैसे वाढ, एसएनएफ दोन पॉइंट कमी म्हणून ६० पैसे वजा, दर व्हायला पाहिजे २९.७०. पण आमच्या केंद्रावर एसएनएफच्या एका पॉइंटला अख्खा रुपया कापत होते. फरक १ रुपया ४० पैशांचा. जुलैचं आमचं दूध १,३६४ लिटर, सगळं तसंच असतं तर महिन्याला १,९०० रुपये. म्हणजे पाचातला सव्वा-दीड रुपया इकडून परत जातोय आणि कोणी बघतच नाही, सगळे फक्त जाहीर दर विचारतात. कोणी मला दर किती म्हणून विचारलं की मी आधी विचारते, कटिंग किती?

आम्ही अकरा जणांनी मिळून केंद्रावर लेखी अर्ज दिला, पावत्या जोडल्या. भांडण नाही केलं, केंद्रावरचा भाऊ आपल्यातलाच आहे आणि दरपत्रक त्याच्या हातात नाही. महिनाभराने कापणी पॉइंटला ५० पैशांवर आली. पूर्ण न्याय नाही, पण आली.

आणि एसएनएफ आमच्या बाजूनेही वाढवला. पावसाळ्यात नुसता हिरवा मका आणि घास घालत होतो, त्यात रोज दोन-अडीच किलो कडब्याची कुट्टी आणि ५० ग्रॅम खनिज मिश्रण चालू केलं, दोन गायांना सुप्त मस्टायटिस (वरून न दिसणारा कासेचा आजार) निघाला त्याचा इलाज केला, आणि महिन्याभरात ८.३ वरून ८.५ वर आलो. धार शेवटपर्यंत काढायची, शेवटच्या धारांना फॅट जास्त असतं, हे आईंना आधीपासून ठाऊक होतं. केंद्रावर नमुना घ्यायच्या आधी दूध वर-खाली ढवळून द्या, साय वर धरलेली असली तर नमुन्यात काय येईल सांगता येत नाही. संध्याकाळच्या दुधाला फॅट थोडं जास्त लागतं, ते नेहमीचंच आहे, त्यावरून मशीनवर शंका घेऊ नका.

पैशाची वाट मात्र बघायला लागली. ऑगस्ट गेला, गणपती गेले. मी दर सोमवारी बॅलन्स बघायचे. नवरात्र चालू असताना, ९ ऑक्टोबरला दुपारी माझ्या मोबाईलवर मेसेज आला, ६,८२० रुपये. जुलैचे. मी गोठ्यात शेण काढत होते, हात धुवायच्या आधीच आईंना हाक मारली. आईंनी विचारलं, "दादांच्या नंबरावर आले का?" हो म्हटलं, ११४ वर.

मधल्या काळात १ ऑक्टोबरपासून तिसरा बदल झाला, डेअरीचे २८ आणि सरकारचे ७, बेरीज ३५ च. खूप जणांना वाटलं अनुदान वाढलं म्हणजे फायदा झाला, पण डेअरीच्या बिलात लगेच मिळणारे २ रुपये कमी होऊन ते उधारीच्या बाजूला गेले. दहा दिवसांच्या बिलावर पेंड घेणाऱ्या घराला तो ताण सोसवत नाही. आम्ही दिवाळीत दुकानदाराकडे ४,००० ची उधारी केली, ती पुढे फेडली. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं परत थंडावलं. ऑगस्टचे ६,४५० आणि सप्टेंबरचे ६,०६० असे दोन्ही मिळून २० डिसेंबरला आले, ऑक्टोबरचे ९,१३५ फेब्रुवारीत, आणि नोव्हेंबरचे ते एप्रिलमधले. एकूण ३७,३५५ रुपये. खर्च म्हणाल तर स्टॅम्प-नोटरी, आधार, झेरॉक्स आणि अकोल्याच्या फेऱ्यांचं पेट्रोल धरून हजाराच्या आत, पण सात दिवस घरची कामं सोडून गेले ते वेगळे, आणि ज्यांच्या घरी दुसरं माणूस नाही त्यांना ते सात दिवस काढणं किती अवघड आहे ते मला माहितीये.

कोणाचा हप्ता मधलाच राहिला असेल तर केंद्रावर नुसतं "आले नाहीत" म्हणू नका, कोणत्या दहा दिवसांचे आले नाहीत ते सांगा. पासबुकातली रक्कम भागिले पाच किंवा सात केली की लिटर निघतात, ते बिलाच्या पावत्यांशी ताडून बघा. आमच्या शेजारच्या काकूंचा सप्टेंबरच्या मधल्या दहा दिवसांचा हप्ता राहिला होता, तो असाच सापडला आणि जानेवारीत मिळाला. पावत्या थर्मल कागदाच्या असतात, चार महिन्यांत कोऱ्या होतात, म्हणून दर दहा दिवसांनी फोटो काढून ठेवा.

या मार्चमध्ये गंगी व्याली, कालवड झाली. पर्यवेक्षक साहेब लसीकरणाला गावात आले की तिला बिल्ला लावून घ्यायचा आहे, मी त्यांना आताच सांगून ठेवलंय. कानाला लावायची हळद आईंनी गोठ्यातल्या फळीवर डबीत भरून ठेवली आहे.